१२ गुणांचे राज्यशास्त्र आणि बसवर रंगवलेला मानव विकास

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
मा. संचालक, बालभारती, पुणे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
आणि सामाजिक शास्त्रांच्या नव्या पुस्तकांवर काम करणारे सर्व सदस्य

विषय: मानव विकास आणि शासन या संकल्पना नव्या अभ्यासक्रमात एकत्र, मुलांच्या गाव-तालुक्यावरून शिकवण्याबाबत.

स.न.वि.वि.

राज्याचा नवा अभ्यासक्रम आराखडा २०२४ मध्ये आला, पहिलीची नवी पुस्तके २०२५-२६ ला मुलांच्या हातात पडली, आणि वरच्या वर्गांची पुस्तके टप्प्याटप्प्याने येणार आहेत. एकदा पुस्तक छापून शाळेत आले की पुढची कित्येक वर्षे त्याला कोणी हात लावत नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून हे पत्र छपाईच्या आधी. आणि खुले अशासाठी, की याच विषयावर आधी पाठवलेली निवेदने ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ होऊन कुठे गेली ते कळले नाही. पालकांनी आणि माझ्यासारख्या इतर शिक्षकांनीही हे वाचावे अशी इच्छा आहे.

मी जालना जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. आमच्याकडे दिवाळी झाली की पटावरची मुले आणि बाकावरची मुले यांचा मेळ बसत नाही. आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. काही मुले आजीपाशी राहतात, काही थेट फडावर जातात. ज्या मुली मागे राहून शाळेत येतात, त्यातल्या बऱ्याच जणी एसटीच्या निळ्या बसने येतात. मुलींना मोफत नेणाऱ्या या बसवर ‘मानव विकास’ असे ठळक लिहिलेले असते. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २००६ मध्ये बारा जिल्ह्यांतल्या पंचवीस तालुक्यांत सुरू झाला, त्यात जालना होता. २०११ मध्ये तो सव्वाशे तालुक्यांपर्यंत गेला. त्याचे आयुक्तालय आमच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीच्या वर्गात मी विचारले, बसवर लिहिले आहे त्याचा अर्थ काय? उत्तर आले, “मॅडम, ते गाडीचं नाव आहे.”

वर्ग हसला. पण त्या मुलीचे काय चुकले? दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात ही बस तिच्या गावात का येते, कोणी ठरवले म्हणून येते आणि उद्या बंद झाली तर कोणाला विचारायचे, हे तिला एका जागी कोणी सांगितलेले नाही. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीभोवती आहे: माणसाचा विकास म्हणजे काय आणि सरकार म्हणजे काय, हे दोन धडे आपण इतके लांब लांब ठेवले आहेत की मुलाच्या डोक्यात त्यांची भेटच होत नाही.

आता मुद्द्यांकडे येते.

पहिला मुद्दा याच ताटातुटीचा. मानव विकास भूगोलाच्या आणि अर्थशास्त्राच्या वाट्याला. संविधान, संसद, निवडणुका राज्यशास्त्राच्या वाट्याला. मानव विकास निर्देशांक म्हणजे पाठ करायची व्याख्या आणि नकाशातला रंग, एवढेच मुलांच्या हाती लागते. खरे तर ती कल्पना जन्मली तीच सरकारांना जाब विचारण्यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यामागे महबूब उल हक हे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ होते. निर्देशांक घडवताना अमर्त्य सेन सोबत होते. देशाचे उत्पन्न वाढले म्हणजे माणसे आपोआप सुधारली असे धरून चालू नका. माणूस किती जगतो, किती शिकतो आणि बरे जगण्याइतके त्याच्या हाती येते का, हे मोजा, अशी ती साधी मांडणी. ज्याने स्वतः अर्थमंत्रिपद सांभाळले त्या माणसाने ती केली, हे मला नेहमी विशेष वाटते.

यातली शिक्षणाची मोजणी वर्गात घेऊन पाहा. तिच्यात दोन आकडे असतात. पंचवीस वर्षांवरची माणसे सरासरी किती वर्षे शाळेत गेली, हा एक. आज शाळेत पाऊल टाकणारे मूल सध्याच्या प्रमाणानुसार किती वर्षे शिकेल अशी अपेक्षा आहे, हा दुसरा. २०२५ च्या अहवालात भारतासाठी पहिला आकडा सुमारे ६.९ आणि दुसरा १३ आहे. फळ्यावर हे नुसते लिहिले तर मुले वहीत उतरवतात आणि विसरतात. घरी जाऊन आजी किती शिकली, आई किती शिकली विचारून या, असे सांगितले की दुसऱ्या दिवशी वर्ग वेगळाच असतो. आजी शाळेत गेली नाही. आई सातवीत होती तेव्हा लग्न झाले. मी दहावीत आहे. एका घरातल्या तीन बायकांत त्या दोन आकड्यांचा अर्थ उलगडतो. आणि मग प्रश्न येतो, तो मला विचारावा लागत नाही: आईच्या वेळी ही बस का नव्हती? इथून पुढचा तास शासनाचा आहे. पण पुस्तकात तो इथून पुढे येत नाही. तो दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या इयत्तेत, दुसऱ्याच भाषेत येतो.

सरासरीच्या पोटात काय दडलेले असते, हेही इथेच शिकवता येते. त्याच अहवालात शून्य ते एक या मोजपट्टीवर भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि १९३ देशांत क्रमांक १३० आहे; विषमतेचा हिशेब धरला की त्यातले तीस टक्क्यांहून अधिक मूल्य गळून पडते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबई ०.८४१ वर होती आणि नंदुरबार ०.६०४ वर. राज्य एकच, विधानसभा एकच, अर्थसंकल्प एकच. देशात सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपली, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी. केरळात हेच प्रमाण २३.४. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली. हे आकडे मुलांपासून लपवायचे कशाला? त्या आकड्यांत त्यांच्या बहिणी आहेत.

दुसरा मुद्दा क्रमाचा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका हे सगळे आपण सहावीत उरकतो. मूल अकरा-बारा वर्षांचे असते. सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे, दहावीत निवडणुका, पक्ष, चळवळी. दहावीच्या पहिल्या प्रकरणात विकेंद्रीकरण आणि माहितीचा अधिकार यांचा उल्लेख येतो, हे मान्य. पण पंधराव्या वर्षी, जेव्हा मूल घरातल्या कागदपत्रांसाठी स्वतः तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात खेटे घालू लागते, तेव्हा त्याच्या हातातल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात भारताचे शेजारी देशांशी संबंध असतात. परराष्ट्र धोरण शिकू नये असे मी म्हणत नाही. पण ज्या कार्यालयाच्या पायऱ्या मूल रोज चढते, ते कार्यालय कोणाला उत्तरदायी आहे हे त्याला अकराव्या वर्षी एकदा सांगून चार वर्षे गप्प बसायचे, याला काय म्हणावे?

त्यात मधल्या काळाने आमची आणखीच पंचाईत केली. पुस्तक म्हणते, जिल्हा परिषदेचे सदस्य दर पाच वर्षांनी निवडून येतात. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात राहिले. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत तर एप्रिल २०२० मध्येच संपली होती, तिथे मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. जून २०२२ ला सहावीत आलेले मूल नववीत पोचले तरी पुस्तकातली जिल्हा परिषद त्याने पाहिली नव्हती. “मॅडम, मग आपला मेंबर कोण?” याला मी काय उत्तर द्यावे, याची एक ओळही शिक्षक हस्तपुस्तिकेत नव्हती. वास्तविक याहून चांगला धडा शोधून मिळाला नसता: संविधानातली मुदत, राज्य सरकारचा अधिकार, न्यायालयाचा हस्तक्षेप आणि त्या काळात गावातला रस्ता, पाणी, दवाखाना यांचे काय झाले. आम्ही मात्र ‘रिकाम्या जागा भरा’ घेत राहिलो.

तिसरा मुद्दा गुणांचा, आणि तो मंडळाला उद्देशून. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका ४० गुणांची. त्यात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२. बारा गुणांना मुले किती वेळ देतील आणि शाळा किती तास देतील, हे सांगायला तज्ज्ञ नको. जानेवारी उजाडला की राज्यशास्त्राचा तास गणिताच्या जादा तासाला जातो. गेल्याची तक्रार करणाऱ्या शिक्षकालाच वेडा ठरवतात. प्रश्नही असे, की अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला तर विचार करावा लागू नये. ‘संकल्पना स्पष्ट करा’ म्हणायचे आणि तीन ठरलेल्या ओळींना दोन गुण द्यायचे; यात संकल्पना स्पष्ट झाली की पाठांतर, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता एक उदाहरण देते, नुसते रडगाणे नको म्हणून. माझ्या मते मानव विकास आणि शासन शिकवायला शालेय पोषण आहाराच्या ताटलीसारखे साधन नाही. आमच्या मुलांच्या आयांना आठवते, त्यांच्या वेळी शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, हजेरी ऐंशी टक्के असली तर. ती केंद्राची १९९५ ची योजना. तमिळनाडूत त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेत शिजवलेले अन्न मिळत होते. मग २००१ मध्ये अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश झाला: कोरडा शिधा नको, शिजवलेले जेवण द्या. सातवीच्या मार्गदर्शक तत्त्वांतले पोषणाचे कलम ४७, आठवीतली न्यायव्यवस्था, केंद्र-राज्य खर्चाची वाटणी, शाळा व्यवस्थापन समिती, गावातला बचत गट, सगळे त्या खिचडीत आहे. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० आणि २०, हे प्रमाण ठरलेले आहे. मुले ते तपासू शकतात. आहारातल्या अंड्यासाठीचा राज्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबला. तो निर्णय बरोबर की चूक, यावर वर्गात दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि त्यासाठी प्रथिने आणि अर्थसंकल्प दोन्ही कळावे लागतात.

आणि नववीत गेल्यावर आहार बंद होतो. का? भूक काय चौदाव्या वर्षी संपते? शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वय धरले आहे आणि आहार त्याच आठवीच्या रेषेवर थांबतो, हे कळले की मुलांना पहिल्यांदा दिसते की कायद्यातली एक ओळ आपल्या पोटापर्यंत येते, आणि ती ओळ कोणीतरी लिहिलेली आहे, म्हणजे बदलताही येते. हा तास मी घेतला आहे. तो माझ्या दैनंदिन टाचणात ‘अवांतर’ म्हणून नोंदवावा लागला.

चौथा मुद्दा थोडक्यात. तालुक्याची माहिती शाळेपर्यंत येत नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे आम्ही अजून २०११ चे आकडे शिकवतो. त्या वर्षी माझे आजचे विद्यार्थी जेमतेम जन्मले होते. आरोग्य केंद्र, पंचायत समिती, एकात्मिक बालविकास प्रकल्प यांच्याकडे आकडे असतात, पण ते शाळेला द्यावेत असे कोणालाही बंधन नाही.

पाचवा आमच्याविषयी. निवडणूक, मतदार यादी, जनगणना, सर्वेक्षणे ही कामे करून शासनयंत्रणा आम्हा शिक्षकांना जेवढी कळते तेवढी कुठल्याच प्रशिक्षणात कळत नाही. त्या अनुभवाला प्रशिक्षणात जागा नाही. सामाजिक शास्त्रांच्या प्रशिक्षणात आम्हाला पीपीटी दाखवतात, ज्यात पुस्तकातलीच वाक्ये असतात. चहा चांगला असतो.

यावर हरकत काय येईल तेही माहीत आहे: शाळेत राजकारण नको. पक्षाचे राजकारण नकोच. तेवढे भान आम्हाला आहे. पण गावातल्या फलकावर ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नातून’ बांधलेला सभामंडप मूल रोज वाचते, आणि तो पैसा कोणाचा होता हे त्याला शाळेने सांगायचे नाही, हे तटस्थ राहणे नव्हे. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी हेच मांडले होते: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी, तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याने कोणाचे आयुष्य बदलते, हे तीनही प्रश्न त्यात आहेत. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा त्यांनीही शासनाचा निर्णय आणि माणसाची वाढ यांची गाठ घातली होती. ही माणसे इतिहासाच्या तासाला आम्ही समाजसुधारक म्हणून शिकवतो आणि राज्यशास्त्राच्या तासाला विसरतो.

दुसरी हरकत वेळेची. अभ्यासक्रम आधीच जड आहे, ही तक्रार खरी आहे. म्हणून मी नवीन धडा वाढवा असे म्हणत नाही. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीचा इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आणले. त्या पुस्तकाशी माझे मतभेद आहेत, पण विषयांच्या भिंती हलवता येतात हे त्यावरून दिसले. आपल्यालाही ते जमेल.

मागण्या अशा:

१. सहावी ते दहावी दरवर्षी किमान एक घटक असा असावा, ज्यात आरोग्य, शिक्षण, पाणी किंवा पोषण यांपैकी एक प्रश्न घेऊन त्यामागची शासनव्यवस्था शिकवली जाईल. त्यासाठी आत्ताची विखुरलेली प्रकरणे एकत्र करावीत.

२. स्थानिक शासन नववीत किंवा दहावीत पुन्हा यावे, वरच्या पातळीवर: ग्रामसभेचे इतिवृत्त, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा प्रत्यक्ष कागदांसह. प्रशासकाच्या कारभाराचा कालखंडही वगळू नये.

३. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राला २० गुण द्यावेत. त्यातले निम्मे प्रश्न न पाहिलेला उतारा, तक्ता किंवा बातमी देऊन विचारावेत.

४. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी १० गुण तालुका अभ्यासाला द्यावेत. उतारे काढून आणलेल्या प्रकल्पवह्या चालणार नाहीत, असे स्पष्ट लिहावे.

५. प्रत्येक तालुक्याची दोन पानी माहितीपत्रिका दरवर्षी जूनमध्ये शाळांना मिळावी. मानव विकास आयुक्तालय आणि जिल्हा नियोजन समित्या यांच्याशी बोलून हे होऊ शकते. त्याला वेगळ्या निधीची गरज दिसत नाही.

६. स्थलांतरित मुलांसाठी तालुका अभ्यासाचा वेगळा पर्याय असावा. फडावर गेलेल्या मुलाला तिथले पाणी, दवाखाना, शाळा आणि ऊस कारखान्याच्या परिसरातली ग्रामपंचायत यांवर लिहिण्याची मुभा द्यावी आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत. आमच्या मुलांना दोन तालुके माहीत असतात. याचा आजवर त्यांना तोटाच झाला.

७. पुस्तकांचे मसुदे छपाईपूर्वी महिनाभर जनतेसमोर ठेवावेत आणि आलेल्या सूचनांचे काय केले, ते लेखी जाहीर करावे.

या सातपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, याचे उत्तर जाहीरपणे मिळावे. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर धरले जाणार नाही.

आमच्या शाळेतल्या मुलांनी आहार, बस आणि आरोग्य उपकेंद्र यांवर तयार केलेली टिपणे आणि त्यासाठी मी वापरलेले तासांचे नियोजन अभ्यासगटाने मागवल्यास लगेच पाठवते. कोणी प्रत्यक्ष वर्ग पाहायला येणार असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये यावे, म्हणजे रिकामे बाकही दिसतील.

आपली,
इतिहास-राज्यशास्त्राची एक शिक्षिका,
जालना जिल्हा